कोऱ्या अंतरपाटावरचे पोपट

मे महिन्यात जळगावचा माणूस देवाकडे काही मागत असेल तर सावली. ती मिळाली तरी तिला तो नावं ठेवतो, कारण तिच्यातला वाराही भाजलेला असतो. अशा गावात, अशा महिन्यात पंडितभाऊ भारंबे यांनी आपल्या पत्र्याच्या दुकानात दोनशे डिग्रीपर्यंत तापणारं यंत्र आणून बसवलं. आम्ही शेजारी यंत्राकडे कमी आणि पंडितभाऊंच्या डोक्याकडे जास्त काळजीने पाहू लागलो.

पंडितभाऊ मूळचे छापणारे. दुकानात पायाने चालवायचं ट्रेडल यंत्र, भिंतीला शिशाच्या अक्षरखिळ्यांचे खण आणि कोपऱ्यात कापडी पिशव्यांवर छापायच्या दोन जाळ्या. लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, ग्रामपंचायतीची हँडबिलं असं सगळं त्यांच्या हातून निघे. आयुष्यभर उलटे खिळे जुळवून त्यांना उलटं वाचायची इतकी सवय झाली होती की सरळ वर्तमानपत्र वाचताना ते अडखळतात, असं त्यांची बायको मंदाबाई सांगायची. त्यात थोडी अतिशयोक्ती असेल. मंदाबाईंच्या बोलण्यात मीठ नेहमीच चिमूटभर जास्त.

मग गावात कॉम्प्युटर आला. त्याच्या पत्रिकेवरचा गणपती पाच रंगांत हसायचा. पंडितभाऊंचा गणपती एकाच रंगात, तोही जरा ओला. गिऱ्हाईक दारातून वाकून बघे, "कॉम्प्युटर नाही का?" विचारे आणि पुढे जाई. शहाण्णव सालची लगीनसराई तोंडावर आली तरी ट्रेडलवर चढवायला एक पत्रिका नव्हती. तरी पंडितभाऊ रोज सकाळी डबा घेऊन निघत, दुकान उघडत, ट्रेडलला तेल देत आणि संध्याकाळी घरी जाऊन "आज फार गर्दी होती" असं सांगत. शर्टावर शाईचा एकही डाग नसायचा, तरी मंदाबाई तो धुताना उगाच जास्त वेळ लावायच्या.

अशात त्यांना धुळ्याचे रतिलाल भेटले. आग्रा रोडच्या एका बोळात रतिलालचं कापडाचं दुकान होतं, सुरतेचा माल. त्यांनी एकदा हौसेने हे तापणारं यंत्र आणलं होतं आणि हौस फिटल्यावर त्यावर कापडाचे तागे रचून ठेवले होते. पंडितभाऊ गेले तेव्हा त्यांनी तागे बाजूला करून यंत्र चालवून दाखवलं.

"देख पंडितभाऊ," रतिलाल म्हणाले, "कागद पालथा घाल. वरथून दाब. जरासा दम धर. बस! समदं, बठ्ठं काम वाफ करस."

कागदावर मोर होता, पण कसला? आजारी, मातकट, दमेकरी मोर. रतिलालने तो एका झुळझुळीत ड्रेसपीसवर पालथा घातला, वरची तापलेली पाटी दाबली, थोडा धूर निघाला, डांबरगोळीसारखा वास आला, आणि कागद सोलल्यावर खाली जो मोर निघाला तो पाहून पंडितभाऊंच्या अंगावर काटा आला. निळा म्हणजे काय निळा! बोट फिरवलं तर हाताला काही लागत नव्हतं. रंग कापडावर बसलेला नव्हता, तो कापडातच जन्मल्यासारखा होता.

कापूर ताटलीत ठेवला की पाणी न होता जसा हवेत विरतो, तसा हा रंग तापला की वाफ होऊन कापडात शिरतो, असं रतिलालने समजावलं. कागद, शाईचे डबे, पाटीचा ताव, दाब, सगळं सांगितलं. कापड कुठलं घ्यायचं एवढं मात्र सांगितलं नाही. यात त्यांचा दोष नव्हता. त्यांच्या दुकानात सगळा पॉलिस्टरचाच माल. कापूस होता तो फक्त बैठकीच्या गादीत. मासा काही दुसऱ्याला पाणी कुठे मिळतं ते सांगत बसत नाही.

पंडितभाऊंनी ट्रेडल दिलं आणि हे यंत्र घेतलं. अदलाबदल. ज्या दिवशी टेम्पोतून ट्रेडल गेलं, त्या दिवशी ते त्याच्या रिकाम्या जागेवर पाय हलवत बसले होते, असं आम्ही डोळ्यांनी पाहिलं. आता मागे जायला रस्ता राहिला नव्हता.

पहिला प्रयोग मंदाबाईंच्या जुन्या नायलॉनच्या साडीवर झाला. असा गुलाब उठला की मंदाबाई म्हणाल्या, "अहो, साडी फाटायच्या आधी नाही का सुचलं हे?" पंडितभाऊंना स्वर्ग दोन बोटं उरला.

दुसरा प्रयोग सुती रुमालावर. तिथे तोच गुलाब कावीळ झाल्यासारखा आला. पंडितभाऊ म्हणाले, व्होल्टेज कमी आहे. तिसरा प्रयोग चहाच्या कपावर, कारण वाढदिवसाला द्यायच्या कपांना फार मागणी येणार असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. कप तापल्या पाटीवर लोळवल्यावर गुलाब त्यावर आला खरा, पण विसळताना मोरीत गेला. पंडितभाऊ म्हणाले, कप हलका होता.

आता कोणालाही वाटेल की या माणसाला एवढं साधं कसं कळलं नाही? नायलॉनवर येतं, सुतावर येत नाही, झालं. पण पंडितभाऊ आसोद्याचे. बापाच्या शेतात कापूस, घरात कापूस, हिवाळ्यात झोपायचं तेही कापसाच्या गंजीवर. कापूस म्हणजे कापड आणि बाकी सगळं म्हणजे घाम, हे त्यांच्या रक्तात होतं. म्हणून त्यांनी जो सिद्धांत काढला तो असा की हलकं कापड हलक्या माणसासारखं कोणालाही चटकन जवळ करतं, आणि चांगलं कापड रंग घ्यायला वेळ लावतं. तेव्हा ताव वाढवावा, दाब वाढवावा, एकावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा असे कागद चढवावेत. हा सिद्धांत ऐकून आम्हीही माना डोलावल्या होत्या. आम्हीही कापसाच्याच मुलखातले.

पंडितभाऊंची थोरली बहीण वच्छलाबाई आसोद्यालाच दिलेली. मेहुणे लोटन पाटील म्हणजे केळीच्या बागा, केळीच्या गाड्या आणि केळीच्या घडासारखेच भरदार दंड. मनाने वाईट नव्हते, पण जिभेला लगाम नव्हता. त्यांची मुलगी प्रमिला हिचं लग्न ठरलं. मुलगा घनश्याम, चाळीसगावला रेल्वेत. पत्रिका अर्थात कॉम्प्युटरवर छापून आल्या होत्या. त्या गठ्ठ्याकडे पंडितभाऊ पाहत नव्हते आणि ते पाहत नाहीत हे सगळे पाहत होते.

लोटन पाटील बैठकीत सगळ्यांदेखत म्हणाले, "पंडित, कायले त्या भट्टीत जीव जाळू राह्यला? माह्याकडे ये. काट्यावर बस, सावलीत. केयीचे घड वजन करायचे अन् गाडी भरायची. दुपारी वच्छलाच्या हातचं जेवन."

"पाव्हने, मी छापणारा माणूस आहे."

"काय छापतो? दिवाळीपासून काय छापलं ते दाखव. कप धुतला तं गुलाब मोरीत!"

ही बातमी मंदाबाईंकडून वच्छलाबाईंकडे आणि तिथून बैठकीत आली होती. लोक हसले. पंडितभाऊंनी हातातली सुपारी खाली ठेवली आणि ते वच्छलाबाईंकडे वळले.

"अक्का, पोरीचा अंतरपाट माह्याकडून. छापील. दोन पोपट, मधी कलश, खाली दोघाईचे नावं. तो पाहून मांडव उठून उभा नही राह्यला, तं लगनाच्या दुसऱ्या दिवशी सकायी मी काट्यावर येऊन बसतो. दुकान बंद. चाबी पाव्हन्यांच्या हातात."

"पाहा बरं, पाच माणसांत बोलला," लोटन पाटील म्हणाले.

वच्छलाबाईंनी भावाकडे बघितलं. त्यांना लगेच कळलं होतं की हा हट्टाने बोलला नाही, बुडताना बोलला. त्या एवढंच म्हणाल्या, "अंतरपाट सुताचा पाहिजे बापा. अन् कोरा. पाण्यातून काढलेलं फडकं पोरीच्या लगनात धरायचं नही." आणि स्वतःच आणून ठेवलेलं नवं कोरं धोतर त्यांच्या मांडीवर ठेवलं.

प्रमिला आतून म्हणाली, "मामा, पोपट हिरवे करजा, पिवळे नको." तेवढी एकच पोरगी त्या घरात पंडितभाऊंच्या बाजूची होती.

त्यानंतरचे दिवस दुकानावरून जाताना आम्ही आवाज न करता जात असू. आत पंडितभाऊ बनियनवर, यंत्राच्या दांड्याला लोंबकळत. पाटी लहान आणि धोतर मोठं, म्हणून एक पोपट आज, एक पोपट उद्या. त्यांनी यंत्र लावलं की आमचे पंखे हळू फिरत. दिवे पिवळे पडत. कोणी कुरकुर केली नाही. पोपट होऊन जाऊ दे, मग फिरतील पंखे, असं शेजारची बेबाबाई म्हणायची. पहिल्या दाबात पोपट भुतासारखा आला. दुसऱ्यात जरा अंगात आला. त्यांनी शाई दाट केली, पुन्हा जाळीवर कागद छापले, पुन्हा त्याच जागी बरोबर बसवून दाबले. पुन्हा. पुन्हा. धोतर काठाला किंचित करपलं. पंडितभाऊंच्या हाताला फोड आले. जेवणाचा डबा तसाच परत जाऊ लागला. मंदाबाई दुपारी येऊन पुठ्ठ्याने वारा घालत उभ्या राहायच्या. नवऱ्याला घालत होत्या की यंत्राला, ते विचारायची छाती कोणाला झाली नाही.

शेवटी पोपट हिरवे झाले. कलश लाल झाला. 'चि. घनश्याम' आणि 'चि. सौ. कां. प्रमिला' ही अक्षरं जांभळी उमटली. साडीवरच्या गुलाबासारखी नव्हेत, पण मांडवाच्या टोकावरून वाचता येतील अशी. पंडितभाऊंनी अंतरपाट घडी घालून आसोद्याला पोहोचवला. येताना बसमध्ये म्हणे ते गाणं गुणगुणत होते.

घरी आले तर मंदाबाई मोरीपाशी बादलीत बघत बसलेल्या.

"काय झालं?"

"काही नाही. तो पोपटांच्या नमुन्याचा रुमाल धुतला."

बादलीतलं पाणी हिरवं-गुलाबी झालं होतं. रुमाल पांढरा. असा पांढरा की दुकानदार नवा म्हणून विकेल. पंडितभाऊ खाली बसले. कितीतरी वेळ त्यांनी पाण्यात बोट फिरवलं, जणू पोपट तिथेच कुठेतरी तळाशी असतील. मग चप्पल न घालताच निघाले. मंदाबाईंनी चप्पल घेऊन बस स्टँडवर त्यांना गाठलं.

धुळ्याला रतिलाल दुपारचं आडवे झाले होते. सगळं ऐकून ते उठून बसले.

"कापूसवर? अरे भाऊ, कापूसवर कोन छापस? हाऊ रंग पॉलिस्टरनाच शे! वाफ व्हयनी का पॉलिस्टरमा घुसस आणि दार लावी लेस. कापूसमा त्याले दारच नही. तो नुसता बाहेर वट्टावर बठस."

"तुम्ही सांगितलं नाही."

"तू इचारं नही! माले काय माहीत, तू जळगाववाला कापूसनाच हट्ट धरशी?"

समोर तागे होते, झुळझुळीत, एकापेक्षा एक सरस, सगळे रंगाला दार उघडून बसलेले. रतिलालला पंडितभाऊंचा चेहरा बघवला नाही. त्यांनी पांढऱ्या पॉलिस्टरचा एक तुकडा फाडून पुड्यात बांधला. "हाई ले. नवा छाप. दोन दाबमा पोपट उडी ना उडी देख."

पंडितभाऊ तो तुकडा घेऊन सरळ आसोद्याला उतरले. घरात हळदीची गडबड होती. त्यांनी बहिणीला कोठीच्या आड बोलावलं.

"अक्का, अंतरपाट थोडा झुळझुळीत असला तर?"

वच्छलाबाईंनी तुकडा दोन बोटांत धरला, चोळला, नाकाशी नेला. "हे मेणकापड? देवाधर्माच्या कामाले? दोन जीवांच्या मधी हे धरू? तुले काय झालं रे पंडित? तो केला तो चांगला हाये की. सगया बाया पाहून गेल्या."

त्यांना खरं सांगावं असं पंडितभाऊंच्या ओठांपर्यंत आलं. तेवढ्यात ओट्यावरून लोटन पाटलांचा आवाज आला, "पंडित आला का? काट्याजवळ खुर्ची टाकून ठेवू का टेबल पन पाहिजे?" ओटा हसला. पंडितभाऊंनी तुकडा घेऊन परत पुड्यात बांधला.

आणि तिथेच त्यांना एक काडी सापडली. अंतरपाट कोरा पाहिजे. म्हणजे तो कोणी धुणार नाही. लग्न लागेपर्यंत त्याला पाण्याचा थेंब लागू दिला नाही की झालं. मांडव उठून उभा राहील, पैज जिंकली, नंतर मग तो धुतला काय आणि चुलीत घातला काय. फक्त पाणी. पाण्याशी काय ती लढाई.

हळदीच्या घरात पाण्याशी लढणं म्हणजे काय, ते ज्याने हळद पाहिली त्यालाच कळेल. बायका एकमेकींना भिजवत होत्या, हंडे रिकामे होत होते, अंगणाचा चिखल पिवळा झाला होता. पंडितभाऊंनी अंतरपाट प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीला सुतळी बांधली आणि धान्याच्या कोठीवर मागच्या बाजूला दडपून ठेवला. मग पुन्हा काढून उतरंडीमागे. मग तिथे माठ आहे हे आठवून पुन्हा कोठीवर. त्यांच्या या येरझारा बघून भिकुबाई नावाच्या एका म्हातारीने सगळीकडे सांगून टाकलं की पोरीचा मामा लाडवाच्या डब्यावर नजर ठेवून आहे. पंडितभाऊंनी ते ऐकलं आणि मान्यही केलं. लाडवाचा चोर ठरणं त्यांना परवडत होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी मामा म्हणून त्यांना वऱ्हाडाला सामोरं जावं लागलं. नवरदेव शाळेत उतरला होता. तिकडे चहा, सरबत, गळाभेटी. इकडे वच्छलाबाईंनी कोठीवरची पिशवी सोडली आणि अंतरपाट उलगडला तर त्याला अशा चुण्या, जसं गाईने चघळून टाकलेलं फडकं. त्यांनी कपाळावर हात मारला आणि तो शाळेत पाठवला, झिपरूकडे इस्तरीला.

झिपरू हा आसोद्याचा परीट. कोळशाची जड इस्तरी आणि मोठं मन. त्याच्यापुढे टेबलावर नवरदेवाचा सफारी कोट होता, दुधी रंगाचा, कडक पॉलिस्टरचा, चाळीसगावच्या नावाजलेल्या टेलरने शिवलेला. असल्या कापडावर थेट इस्तरी फिरवली तर ते चकाकतं, म्हणून मधे सुती फडकं घालायचं, हे झिपरूला ठाऊक होतं. त्याचं रोजचं फडकं कोळशाने काळं झालेलं. नवरदेवाच्या कोटावर ते कसं घालायचं? तेवढ्यात समोर आला नवा कोरा सुती अंतरपाट, त्यालाही इस्तरी हवीच होती. झिपरूला वाटलं, देवानेच धाडला. छापील बाजूला काजळी लागू नये म्हणून त्याने ती खाली केली, कोटाच्या पाठीवर अंतरपाट नीट पसरला, कोळसे फुंकले आणि मन लावून, दाबून दाबून इस्तरी केली.

पंडितभाऊ सरबताचा पेला हातात घेऊन उभे होते. ओरडा ऐकून सगळे धावले, तेही धावले.

झिपरूच्या एका हातात अंतरपाट होता. त्यावर पोपटांची नुसती सावली उरली होती. दुसऱ्या हातात कोट. आणि कोटाच्या पाठीवर दोन पोपट! हिरवे, म्हणजे पानमळ्यासारखे हिरवे. मधे कलश, कुंकवासारखा लाल. खाली जांभळ्या अक्षरांत नवऱ्याचं आणि नवरीचं नाव, दोन्ही उलटी. वर्‍हाडी मान तिरकी करून वाचायला बघत होते. एकाने खिशातला आरसा काढला. सरळ वाचू शकणारा माणूस तिथे एकच होता, आणि त्याच्या हातात अजून सरबताचा पेला होता.

वरबापाचा आवाज फाटला. "कोनी केलं हे? मांडवात पोराच्या पाठीवर बायकोचं नाव! लोक काय म्हनतीन? लगनाच्या आधीच बायको पाठीवर बसली?"

झिपरू रडवेला झाला. "मी काही नही केलं मालक, मी नुसती इस्तरी..."

"त्याचा दोष नाही," पंडितभाऊ म्हणाले. "तो रंग माझा आहे."

लोटन पाटील पुढे आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना थट्टा सुचली नाही. व्याह्यापुढे त्यांची मान खाली गेली होती. ते मेहुण्याला दंडाला धरून शाळेच्या हापशावर घेऊन गेले आणि कोट त्याच्या अंगावर टाकला. "धू. मुहूर्ताच्या आत पांढरा करून दे. तुह्या रंगाले काय, पानी लागलं की जातो. धू!"

पंडितभाऊंनी हापसा मारला. साबण लावला. घासला. लोटन पाटलांनी कुठून तरी धुण्याचा सोडा मागवला, तो चोळला. कोणी रॉकेल आणलं. कोणी लिंबू. एक म्हातारा म्हणाला ताक लावा, तेही लावलं. पंडितभाऊंच्या हाताचे फोड फुटले. पोपट काही हलेनात. उलट धूळ निघून गेल्यावर ते आणखीच टवटवीत झाले.

पंडितभाऊ घासत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भाचीच्या लग्नाचा विस्कोट झाला, बहिणीची मान खाली गेली, या दुःखाचं ते पाणी होतं, यात शंका नाही. पण घासता घासता त्यांचा हात मधेच थांबे, पोपटाच्या चोचीवरून बोट फिरे आणि ते कोट उजेडाकडे धरून बघत. मग ओशाळून पुन्हा घासत.

"जाऊ नही राह्यला का?" लोटन पाटील गुरगुरले.

"नाही जात, पाव्हने."

"जोर लाव!"

"जोर लावतोच आहे. नाही जात." आणि हे म्हणताना आवाज असा काही आला की लोटन पाटील वाकून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

मग त्यांनी कोट ओढून घेतला आणि स्वतः घासला. केळीचे घड उचलणारे हात ते. घासून घासून बाहीची शिवण उसवली. पोपट तिथेच. लोटन पाटील दमून हापशाच्या कट्ट्यावर बसले आणि धापा टाकत म्हणाले, "च्या मायले!" त्यात राग किती आणि दुसरं काही किती, हे सांगणं कठीण आहे.

शेवटी तोड काढली ती नवरदेवाने. घनश्याम वडिलांकडे बघत म्हणाला, "या उन्हात कोट घालायची माझी कुठे इच्छा होती? आबांचा हट्ट." त्याने मित्राचा पांढरा सुती सदरा घातला, वरून उपरणं घेतलं आणि घोड्यावर बसला. वरबाप मांडवापर्यंत फुगलेलेच होते. पहिल्या पंगतीत लोटन पाटलांनी स्वतःच्या हाताने त्यांना आग्रह केला तेव्हा कुठे जरा निवळले.

मुहूर्ताला अंतरपाट धरायचा तर त्यावर काहीच नव्हतं. वच्छलाबाईंनी कुंकू कालवलं आणि बोटाने मधोमध स्वस्तिक काढलं, जसं त्यांच्या लग्नात काढलं होतं तसं. पंडितभाऊ मामा म्हणून प्रमिलाच्या मागे उभे राहिले. मंगलाष्टकं चालू होती, अक्षता पडत होत्या. मांडव बसलेलाच होता. अंतरपाटाकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. फक्त पंडितभाऊंना कुंकवाच्या दोन्ही बाजूंना दोन पोपटांच्या फिकट सावल्या दिसत होत्या, आणि त्या दिसू नयेत म्हणून ते डोळे मिटून घेत होते.

प्रमिलाने मान न वळवता हळूच विचारलं, "मामा, कोटावर पोपट कसे दिसत होते?"

"हिरवे," पंडितभाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंडितभाऊ पहिल्या बसने आसोद्याला आले. मंदाबाईंनी विचारलं होतं, डबा देऊ का? ते म्हणाले, नको, तिथे जेवण आहे. त्या दारात उभ्या राहून ते दिसेनासे होईपर्यंत बघत होत्या.

बागेच्या बांधावर गाडी उभी होती. माणसं केळीचे घड वाहत होती. काट्याजवळ खरंच एक खुर्ची होती. पंडितभाऊ जाऊन उभे राहिले, खिशातून दुकानाची चाबी काढली आणि मेहुण्यापुढे धरली.

लोटन पाटलांनी चाबीकडे पाहिलं, हात पुढे केला नाही. "रात्री वच्छला जेवली नही," ते म्हणाले. "भावाले पाच माणसांत बोलू दिलं, ही म्हने माह्यी चूक हाये."

"तुमची काय चूक?"

"तेच मी म्हनलो. तरी नही जेवली." त्यांनी एक घड काट्यावर चढवला, खाली उतरवला, वजन बघितलंच नाही. "पंडित, एक विचारतो. यापुढे कापसावर छापशील?"

"नाही."

"परत बोल."

"नाही छापणार कापसावर. कधीच नाही."

"मंग इठी काय करू राह्यला?" लोटन पाटील खेकसले. "पैज हरला ना? हरला. सगया गावानं पाह्यलं. आता माह्या काट्यावर बसून मले रोज तुहं तोंड दाखवशील, अन् घरी ती जेवनार नही. जाय! पयले आत जाऊन तिच्या हातची भाकर खाय, तिच्या संग बस, मंग जाय दुकानात."

पंडितभाऊ हललेच नाहीत. चाबी अजून पुढे धरलेलीच होती. मग लोटन पाटलांनी त्यांचा हात धरून चाबी त्यांच्याच खिशात घातली आणि गाडीकडे तोंड करून मजुरांवर विनाकारण ओरडायला लागले.

आत वच्छलाबाईंनी ताट वाढलं, समोर बसल्या, आणि दोघंही एकाच ताटात जेवले. जेवताना मधेच त्या म्हणाल्या, "त्या धुळेवाल्याचा तुकडा तू कोठीआड दाखवत होता, तवाच सांगायचं रे. मी काय परकी होती?" पंडितभाऊंनी मान खाली घातली. ताटातला शेवटचा तुकडाही त्यांनी उष्टा टाकला नाही.

परतीच्या बसमध्ये त्यांना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. उलट भीती वाटली, खरी, मोठी. आतापर्यंत व्होल्टेज होतं, हलका कप होता, कापसाचा हट्ट होता, मेहुण्याचा काटा होता. आता यंत्र तेच, शाई तीच, पोपट पक्के, आणि सबब म्हणून एकही वस्तू शिल्लक नव्हती. जळगावला उतरून ते दुकानापाशी आले. पत्रा तापून लाल व्हायचा बाकी होता. त्यांनी कुलूप काढलं, पुड्यातला पांढरा झुळझुळीत तुकडा पाटीवर पसरला, बटण दाबलं, आणि आमच्या घरातले पंखे पुन्हा हळू झाले.